पहिल्या बाटलीचं तेल

खिडकीच्या फळीवर आठ बाटल्या होत्या. आठही एकाच मापाच्या, पांढऱ्या काचेच्या. आठांच्या तोंडाला कापसाचे बोळे. आठांवर दमयंतीच्या अक्षरातली चिठ्ठी, आणि तेल जिथवर भरलं होतं तिथे काचेवर निळ्या पेन्सिलीची रेघ. सात बाटल्यांत तेल रेघेला टेकलं होतं. पहिल्या बाटलीत ते रेघेच्या खाली होतं. तिने मोजपट्टी लावली. नऊ मिलिमीटर. करडईचं तेल चाळीस दिवस उन्हात ठेवलं म्हणून उडून जात नाही. बोळा होता तसा होता, फळीवर डाग नव्हता. पहिली बाटली फळीच्या टोकाला, खिडकीच्या झडपेआड असायची, त्यामुळे रोज सगळ्या बाटल्या पाव-पाव फिरवताना हात तिच्यापर्यंत जायचा, डोळे जायचे नाहीत. दमयंतीने वहीत लिहिलं, "क्र. १, पातळी ९ मि.मी. कमी. कारण माहीत नाही," आणि ते शेवटचं वाक्य आपणच लिहिलंय याचं तिला उगीच वाईट वाटलं. मुंबईच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वहीत कारण माहीत नाही असं लिहायची सोय नव्हती. तिथे सगळी कारणं आधीच छापलेली असत.

या बाटल्या फळीवर येण्याचं कारण मात्र तिला पक्कं माहीत होतं. ती काम करायची त्या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याचं सांधेदुखीचं तेल विदर्भातल्या दुकानांतून परत आलं होतं. तेलाचा गुण गेला अशी तक्रार कुणाचीच नव्हती. ते खवट झालं होतं, आणि गुडघ्याला लावून माणूस घरात बसला की घरातली बाकीची माणसं उठून जात. व्यवस्थापक लेले यांनी एक बाटली तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दमयंतीबाई, तुमच्या पदवीला वास येत असेल तर बघा." त्या क्षणी तिला पदवीचं काही आठवलं नाही. आठवलं ते खालच्या तेलखोलीत कढई ढवळणाऱ्या म्हाताऱ्या ठमायचं तूप. लोणी कढवताना ठमाय शेवटी त्यात विड्याचं पान सोडायची, आणि ते तूप पावसाळा उलटून गेला तरी काल कढवल्यासारखं राहायचं. तेलाला हवा लागते, हवेतला ऑक्सिजन तेल धरून ठेवतं आणि त्यानेच नासतं. पानात असं काहीतरी असणार जे त्या ऑक्सिजनला वाटेतच अडवतं. मग ते काहीतरी पानातून बाहेर कसं काढायचं, एवढाच प्रश्न उरत होता, आणि पुस्तकांत त्याला तीन उत्तरं होती. म्हणून तिने जोड्या लावल्या. पहिली-दुसरी, नुसतं तेल, तुलनेसाठी. तिसरी-चौथी, पानांचा पाण्यात काढा करून तो तेलात आटवलेला, खाली तेलखोलीत चुलीवर वर्षानुवर्षं करतात तसा. पाचवी-सहावी, पानं स्पिरिटात भिजवून, स्पिरिट उडवून, उरलेला अर्क तेलात ढवळलेला. सातवी-आठवी, तेच पण ईथर घेऊन. पानं सगळीकडे तोलून सारखी, ऊन सारखं, दिवस चाळीस.

दुपारी तिने एकेका बाटलीतलं पाच-पाच ग्रॅम तेल घेतलं, त्यात आयोडाइड घातलं, स्टार्चचे थेंब टाकले. तेलाने जेवढा ऑक्सिजन धरलेला असेल तेवढं आयोडीन सुटतं आणि मिश्रण निळं होतं; मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, हायपोचं द्रावण सोडत राहायचं, निळा रंग जाईपर्यंत. जितका हायपो जास्त लागला तितकं तेल जास्त नासलेलं. हे काम तिला आवडायचं. त्यात मत नसतं. ब्युरेटच्या तोटीवर डावा हात, चंचुपात्राच्या गळ्याशी उजवा, आणि मधे फक्त थेंब. काढ्याच्या बाटल्यांना सरासरी १३.७ सी.सी. हायपो लागला. स्पिरिटच्या, ९.२. ईथरच्या, १७.५. स्पिरिटच्या बाटल्यांच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता, म्हणजे अर्कातलं सगळं तेलात उतरलं नव्हतं, तरी आकडा चांगला होता. तिने नुसत्या तेलाच्या बाटल्या मुद्दाम शेवटाला ठेवल्या होत्या. दुसरी बाटली, २४.६. अपेक्षा होतीच. मग पहिली. पात्रात निळं आलं, पण ते निळं म्हणायचं तर खिडकीतून दिसणाऱ्या दुपारच्या आभाळाइतकंच. तोटी उघडली आणि जवळजवळ लगेच बंद करावी लागली. ३.१. तिने पुन्हा तेल तोललं, पुन्हा केलं. ३.०. दुसरी बाटली पुन्हा केली. २४.७. एकाच डब्यातलं एकाच दिवशी भरलेलं नुसतं तेल एका बाटलीत नासलं होतं आणि शेजारच्या बाटलीत नाही.

ती स्टुलावर बसली. खालून तेलखोलीतल्या कढईचा खरडण्याचा आवाज येत होता, तो रोजच यायचा. आज तो कुणीतरी तिच्याच पाठीवर नख ओढावं तसा लागला. कारण शनिवारी लेल्यांना अहवाल द्यायचा होता, आणि अहवालात काय असेल ते तिला स्पिरिटचा आकडा आल्यापासून दिसत होतं. स्पिरिटचा अर्क चांगला ठरला तर चुलीवरचा काढा नको, चूल नको, तीन-तीन दिवस ढवळणं नको; मुंबईहून स्पिरिटचं यंत्र येईल आणि ते बसायला जागा एकच होती, तेलखोली. तिथे ठमाय, हौसा आणि आणखी तिघी होत्या. बाकीच्यांना बाटल्या धुवायला, चिठ्ठ्या लावायला घेता येईल, लेल्यांनी तसं म्हटलंही होतं. "ठमाबाईंचं वय झालंय, त्यांना आता घरीच बसू दे." हे ते मायेनेच म्हणाले होते. ठमायचं घर म्हणजे कामोठ्यातली एक खोली, आणि त्या खोलीत बसून ढवळायला काही नव्हतं. आणि आता या पहिल्या बाटलीने आणखी एक दार उघडून ठेवलं होतं. दोन बाटल्यांची सरासरी काढायची असा नियम दमयंतीनेच वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. तशी काढली तर नुसतं तेल १३.८५. काढा १३.७. म्हणजे पान घालून, पाणी आटवून, लाकडं जाळून तेलात शून्याइतका फरक पडतो. अहवाल एका ओळीत संपला असता आणि त्या ओळीवर तेलखोलीही. सरासरी न काढता पहिली बाटली बाद करायची तर बाद करण्याचं कारण लिहावं लागलं असतं. कारण माहीत नाही.

तिने पहिल्या बाटलीचा बोळा काढला आणि हुंगलं. खवट वास नव्हता. पानाचा होता, कोवळा, तिखट. आणि त्याच्या मागे, अगदी मागे, बाभळीच्या धुराचा. दमयंतीने डोळे मिटले, आणि ती नऊ वर्षांची झाली. आई गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. अण्णा याच कारखान्याच्या कोठीवर कारकून होते. शाळा सुटली की घरी कुणी नाही म्हणून ते तिला तेलखोलीच्या पायरीवर बसवून जात. ठमायने तिला पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. तिच्या केसांना हात लावून पाहिला, हौसाकडे बघून म्हणाली, "कोरडं झालंय पोर," आणि कढईच्या कडेचं कोमट तेल दोन बोटांनी घेऊन तिच्या टाळूवर थापलं. पाढे तिथे पाठ झाले, इतिहास तिथे झाला. कढईतला कल्क, म्हणजे तळाची वाटलेली वनस्पती, ठमाय चिमटीत घेऊन वात वळायची आणि चुलीत धरायची. तडतडली तर आत पाणी शिल्लक, गुपचूप जळली तर तेल झालं. "बघ, गप बसली," ती म्हणायची, आणि दमयंतीला वाटायचं, शहाणी होणं म्हणजे हेच असणार. पुढे मुंबईला वसतिगृहात राहिली तेव्हा ती वेगळीच मुलगी होती, स्पष्ट बोलणारी, थोडी कडवट, वादात न हरणारी. एस.टी.तून पनवेलला उतरली की घरी अण्णांसमोर तिसरीच, निमूट. आणि तेलखोलीच्या पायरीवर बसली की जी बाहेर यायची ती आणखी कुणी, हसायला सोकावलेली. माणूस एकच, कशात बुडवलं यावर त्यातलं काय उतरतं ते ठरतं. हा विचार तिला ईथरची बाटली हातात असताना एकदा आला होता आणि शास्त्रात न बसणारा म्हणून तिने तो झटकला होता. आता त्याला बाभळीच्या धुराचा वास येत होता. वरच्या मजल्यावर, या प्रयोगशाळेत, स्पिरिटचा दिवा होता. चूल नव्हती.

ती खाली उतरली. तेलखोलीत मोठ्या कढईशी ठमाय उभी होती, हातात खांद्याएवढा उंच लाकडी दांडा, पदर कमरेला खोचलेला. हौसा शेजारी पानं निवडत बसली होती.

"ठमाय, वरच्या माझ्या बाटल्यांना तू हात लावलास?"

"हात लावल्याबिगर फळी पुसता येतंय काय?"

"पहिलीतलं तेल कमी झालंय."

"कढईला लागलं आसंल," ठमाय म्हणाली. "तेल कढईला लागतंच."

हौसाने पानं खाली ठेवली आणि तोंडावर पदर धरला. दांडा आणखी दोन फेरे फिरला आणि थांबला.

"म्हणजे कढईत घातलंस."

"सांग गो आता," हौसा म्हणाली. "मी तवाच म्हनलं, पोरीला कळंल. ती तेलाला सुया टोचून इचारते."

"कळू दे. चोरी केली काय मी?" ठमायने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "तिसऱ्या दिवशी फळी पुसाया आलू, हुंगून बघते तर सहा बाटल्यांना पान आन दोघी बिनपानाच्या. पोरी, तेल असं ठेवतात कनी? आमच्यात मयताच्या घरी पन तेल बिनपानाचं ठेवत नाय. मला वाटलं, एवढी शिकली, गडबडीत इसरली. उद्या सायेब येल, दोन बाटल्या नासल्या म्हनंल, बोल कोनाला लागंल? तुला. मंग खाली आनली, तापवली, पान सोडलं, गाळली, होती तिथं ठेवली. तुजी चिठ्ठी पन भिजू दिली नाय."

"मग दोन्ही का नाही आणल्यास?"

ठमायने कमरेची चंची चाचपली. "पान एकच होतं."

"ते तुझं खायचं पान."

"त्या दिवशी सुपारी चघळली. मेले नाय."

दमयंतीला रागवायचं होतं. चाळीस दिवसांचं काम, तोलून मापून, आणि तुलनेच्या बाटलीवर कुणीतरी माया केली. मुंबईच्या तिच्या प्राध्यापकांनी हे ऐकलं असतं तर त्यांना यावर उपाय सुचला नसता. काचेची भांडी धुवायला क्रोमिक ॲसिड असतं, यासाठी काही नसतं. पण राग येईना. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी हळूहळू वर येत होतं, कढईतल्या फेसासारखं. तिने विचारलं, "किती तापवलंस?"

"पानाला इचारून. सोडलं की चुरचुर करतं. चुरचुर थांबली की उतरवायचं. त्याच्यावर एक घटका गेली, तर पान जळतं."

"आणि काढ्याच्या बाटल्यांतही पानच होतं. तूच आटवलास तो काढा. मग ते तेल का नासलं?"

ठमायने तिच्याकडे असं पाहिलं की जणू प्रश्न सोपा असल्याचीच तिला काळजी वाटली. "पान ज्याच्यात शिजवशील त्याचं होतं, दमू. पान्यात शिजवलंस, पान्याचं झालं. अर्धं वाफंवर गेलं, नाकाला कळत होतं. उरलं ते तेलाला उष्टं."

"आन ती दारूत घातलीस," हौसा म्हणाली, "ती पानं आजून शुद्धीवर आली का नाय ते बघ जा."

पायऱ्या चढताना दमयंती मधेच थांबली. पाणी, स्पिरिट, ईथर. तीन द्रावकं तिने टेबलावर रांगेत मांडली होती आणि चौथं आठही बाटल्यांत भरलेलं होतं. तेल तिच्या लेखी रोगी होतं. रोग्याच्याच अंगात औषध उतरवून घ्यायची ताकद असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. कारखान्यात ज्याला त्याला विचारत फिरायची, याचं अनुपान काय, कशाबरोबर घ्यायचं, आणि स्वतःच्या प्रयोगात तो प्रश्न विसरली. ठमाय म्हणाली होती ते खरंच होतं. एवढी शिकली आणि गडबडीत विसरली.

पण एक आकडा म्हणजे ऐकीव गोष्ट. एकच बाटली, न तोललेलं पान, न मोजलेली आच. शनिवारी तिने लेल्यांना सगळं लिहून दिलं, पहिल्या बाटलीला काय झालं होतं तेही, गाळलेलं काही नाही. लेल्यांनी चष्मा काढून कागद पुन्हा वाचला.

"एका बाटलीवर मी निर्णय फिरवू?"

"नाही. मीही फिरवणार नाही. मला पुन्हा चाळीस दिवस हवेत."

"मुंबईच्या लोकांना मी एप्रिलअखेर कळवतो म्हणालोय. त्यापुढे नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "स्पिरिटचा आकडा नऊ पूर्णांक दोन. तुमच्या या पद्धतीचा त्याच्या खाली आला, आणि एकदा नव्हे, प्रत्येक बाटलीला आला, तर यंत्राचं रद्द. चुली राहतील. एकही वर गेली तर नाही. मान्य?"

"मान्य."

"आणि गेली, तर तुम्ही तसं लिहाल?"

"लिहीन."

हे तिने त्याच संध्याकाळी ठमायला सांगितलं. ठमाय घरी निघाली होती, डोक्यावर चुंबळ, हातात वहाणा. मिठागरांच्या बांधावरून चालताना ती वहाणा घालायची नाही, झिजतात म्हणून. वडाळे तळ्यापर्यंत दोघी बरोबर गेल्या. आकडा खाली आला तर काय आणि वर गेला तर काय, हे दमयंतीने दोनदा सांगितलं. ठमायने तळ्यात पाय बुडवले, एक-एक करून धुतले.

"तुजी ती नळी वळखते मला?"

"नाही."

"मंग बरं हाय. वळखीचं मानूस कवा धड सांगत नाय." आणि वहाणा उचलता उचलता, "तू पन त्या वक्ताला मला वळखू नको."

एकोणीस मार्चला पाच बाटल्या भरल्या. नववी, दहावी, अकरावी पानाच्या. बारावी आणि तेरावी नुसत्या तेलाच्या. एका बाटलीच्या तेलाला पाच ग्रॅम पान, पूर्वीइतकंच. दमयंतीने कढईत थर्मामीटर धरला आणि ठमायने कान. पान पडलं, चुरचुरलं, फेस धावत आला आणि विरला. "हां," ठमाय म्हणाली, आणि दमयंतीने पाहिलं, एकशे अठरा. दुसऱ्या कढईला ठमायने "हां" म्हटलं तेव्हा एकशे सतरा, तिसऱ्याला पुन्हा एकशे अठरा. दमयंतीने तिन्ही आकडे लिहिले आणि थर्मामीटर पुसताना तिला वाटलं, आपण आज मोजलं ते तेल नव्हे. मग तिने ठमायकडून वचन घेतलं, की बारावी-तेरावीला हात लावायचा नाही. ठमायने हात लावला नाही. पण चाळीस दिवस ती फळी पुसायला यायची तेव्हा त्या दोघींच्या बाजूला पदर आडवा धरायची, उपाशी पोरांसमोरून डबा नेताना धरतात तसा, आणि एकदा दमयंतीने तिला त्यांच्याशी बोलताना ऐकलं, हळू आवाजात, "माजा इलाज नाय गो बायांनो, तिनंच सांगितलंय." एप्रिलचं ऊन कडक होतं. खाली स्पिरिटच्या यंत्रासाठी कुणीतरी येऊन तेलखोलीची लांबी-रुंदी मोजून गेलं, खडूच्या खुणा भिंतीवर राहिल्या, आणि हौसाने त्यातल्या एका खुणेवर केरसुणी टांगली. दमयंती रोज संध्याकाळी बाटल्या हुंगायची आणि रोज नाकावर विश्वास ठेवायला नकार द्यायची. वास आपल्या माणसाच्या बाजूने येतो.

अठ्ठावीस एप्रिलला ठमाय न बोलावता वर आली आणि दाराशी उकिडवी बसली. त्या खोलीत फडकं हातात नसताना ती पहिल्यांदाच आली होती, आणि हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. दमयंतीने तिच्याकडे पाहिलं नाही. ओळखायचं नाही असं ठरलं होतं. तेल तोललं. बारावी, २३.९. तेरावी, २४.४. गडद निळं जाईना तसतसा ठमायचा श्वास ऐकू येत होता. नववी, ३.२. दहावी, २.९. अकरावीही ९.२ च्या खाली आली तर चुली राहणार होत्या. मग तिने ब्युरेट पुन्हा शून्यापर्यंत भरला, पात्र धुतलं, अकराव्या बाटलीतलं पाच ग्रॅम तेल घेतलं. आयोडाइड, स्टार्च. निळं आलं. डावा हात तिने तोटीवर ठेवला, काढला, साडीला पुसला, पुन्हा ठेवला. थेंब. थेंब. पात्र फिरवलं. कडेला निळ्याची एक चकती फिरत राहिली, लहान झाली, आणि आणखी एका थेंबाने विरली.

"गेलं," दारातून ठमाय म्हणाली.

दमयंतीने डोळे ब्युरेटच्या पातळीला आणले, वाचलं, पुन्हा वाचलं आणि वहीत लिहिलं.

क्र. ११. ३.० सी.सी.